खरी गोची 'आलोय'ची

इंग्रजी बोलताना नामाआधी 'अ' आणि 'द' (a, the) कुठे लावायचे हीच मराठी माणसाची मुख्य अडचण, असं कुणी कुणी म्हणतात. असेलही, पण 'द' गाळला म्हणून कुणाचं अडत नाही. माझ्या मते खरी गोची 'आलोय'ची आहे. 'मी कालच आलोय' हे मराठीत अगदी चोख वाक्य. त्याचं शब्दशः 'आय हॅव कम यस्टर्डे' केलं की फसलं. इंग्रजीत त्या 'हॅव'चं 'काल'शी जमत नाही. कधी ते सांगितलंत की सरळ 'केम'.

दुसरं दुखणं 'पासून'. '२०१९पासून' काय आणि 'पाच वर्षांपासून' काय, आपलं एकाच शब्दात भागतं. इंग्रजीला मात्र सुरुवात सांगायला 'सिन्स' आणि मुदत सांगायला 'फॉर' लागतो. वर आपल्या साध्या 'राहतोय'ला तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' एवढं लटांबर! शाळेत गाळलेल्या जागांमध्ये यावर मला पैकीच्या पैकी. तरी पहिल्या मुलाखतीत 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' असं ठणकावून आलो. नोकरी मिळाली म्हणा. मुलाखत घेणारे साहेबही तसंच बोलत होते.