‘सुप्त जनुक’ की ‘मुकं जनुक’?

अनुवादक: पोटातल्या जंतुसंसर्गावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. नायक बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस. एरवी मोठ्या आतड्यात निमूट राहणारा, पण आतडं किंवा अपेंडिक्स फुटलं की पोटाच्या पोकळीत उतरून गळू करणारा. ‘अ‍ॅनेरोबिक’ला शाळेतल्या विनॉक्सिश्वसनावरून ‘विनॉक्सी’ घेतलं. अडलंय ते ‘रेझिस्टन्स’ आणि ‘सायलेंट जीन’पाशी. प्रतिकार आणि सुप्त जनुक चालेल?

निवृत्त मास्तर: प्रतिकार नको. रोगप्रतिकारशक्ती शरीराची. तोच शब्द जंतूला लावला की वाचक म्हणतो, “माझ्या अंगाला गोळीची सवय झाली.” अंग तेच असतं हो, बदलतो जंतू. शीर्षकात ‘प्रतिजैविक-रोध’ ठेवा आणि वाक्यात सरळ लिहा, ‘औषधाला दाद देत नाही’.

लॅबवाली: मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या बाबतीत हे चपखल बसतं. ते पेशीत शिरल्यावर त्याच्या नायट्रो गटापासून विषारी रेणू व्हायचे असतात. ‘निम’ जनुकाचं विकर त्या गटाचं परस्पर अमाइन करून टाकतं, विष तयारच होत नाही. (कडुनिंबाचा संबंध नाही, नायट्रोइमिडाझोलवरून आलंय.)

‘सुप्त’ मात्र मला खटकतं. ‘सीएफआयए’ जनुक घ्या. ४८ तासांनी हवाबंद बरणी उघडावी (वासाबद्दल न बोललेलं बरं), तर मेरोपेनेम या प्रतिजैविकाभोवती जंतूंची वाढच नसते, म्हणजे औषध लागू पडतंय. पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) म्हणतो, जनुक आहे! त्याच्या आधीचा प्रवर्तक (जनुकाला कामाला लावणारा डीएनएचा भाग) दुबळा, म्हणून विकर बनत नाही. पुढे कधीतरी डीएनएचा एखादा उडी मारणारा तुकडा नेमका जनुकाच्या आधी येऊन बसतो, स्वतःचा जोरकस प्रवर्तक घेऊन. मग जस्तावर चालणारं ते विकर भरमसाट तयार होतं आणि मेरोपेनेमचे तुकडे पाडतं. जनुकातलं अक्षरही बदललेलं नसतं.

निवृत्त मास्तर: मग सुप्त नव्हेच. सुप्त म्हणजे निजलेलं, वेळ आली की आतूनच जागं होणारं: सुप्त गुण, बियाण्याची सुप्तावस्था. इथे मजकूर शाबूत आहे, आवाज तेवढा नाही. मुकं म्हणा. तुकडा येऊन बसला की त्याला वाचा फुटली.

अनुवादक: ‘वाचा फुटली’ला कृपाप्रसादाचा वास येतो, मास्तर. थेट ‘मूकं करोति वाचालम्’! इथे तर रुग्णाच्या जिवावर बेततंय.

लॅबवाली: शिवाय दरवेळी अगदी मुकंही नसतं, काही जीवाणूंत कुजबुजतं. ‘तुकड्याने जनुकाला कर्णा लावला’ असं लिहा.

अनुवादक: कर्णा घेतला. ‘सुप्त’ खोडून ‘मुकं’ केलं. आता शेवटचं: ‘फ्रॅजिलिस’ म्हणजे लॅटिनमध्ये ठिसूळ, नाजूक. १८९८ साली वेयाँ आणि झ्यूबेर यांनी हे नाव दिलं. असल्या जंतूला नाजूक म्हणायचं?

निवृत्त मास्तर: विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. सुटलात.