डोळ्यांत पाणी नेमके कोणत्या क्षणी येते? मराठी चित्रपट, नाटक आणि गाणी यांविषयी एक प्रश्न

प्रश्न : ओसरी

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयात दर महिन्याला एक मराठी चित्रपट एकत्र बसून पाहण्याचा आणि नंतर त्यावर बोलण्याचा उपक्रम सुरू होत आहे. पहिल्या काही महिन्यांसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कलाकृती निवडायच्या असे सभासदांनी ठरवले असून निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी मी काही चित्रपट पुन्हा पाहिले, आणि तेव्हापासून एक कोडे मनात घर करून बसले आहे.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) बहुतेकांना आठवत असेल. कोकणातले आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, डोळे दाखवायला शहरात आणतात, डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग असल्याचे निदान होते, आणि जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील असे डॉक्टर सांगतात. कथेतील सर्वांत भयंकर क्षण हाच आहे, परंतु तो पाहताना माझे डोळे कोरडे राहिले. छातीवर दडपण आले, इतकेच. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यावर आजोबा कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात आणि जे दाखवता येईल ते सारे एका दिवसात दाखवू लागतात, तेव्हा मात्र मला अश्रू आवरले नाहीत. त्या प्रसंगात मूल आनंदात आहे आणि वाईट असे काहीच घडत नाही. याउलट नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी इतके क्रूर काही घडूनही मी रडले नाही, नुसती बसून राहिले.

असे का होत असावे? जाणकारांनी कृपया चित्रपटांची केवळ यादी देऊ नये. अशी यादी कोठेही मिळते. आपल्याला ज्या ठिकाणी गहिवरून आले तो नेमका क्षण आणि तेथे दिग्दर्शकाने, नटाने किंवा गायकाने काय केले आहे, हे सांगावे, म्हणजे आमच्या चर्चेला दिशा मिळेल.

उत्तर : चित्रवेळा

आपले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, आणि त्यातच उत्तराचा मोठा भाग आहे असे माझे मत आहे. दुःखाचा आघात माणसाला बहुधा आखडून टाकतो. डोळे भरून येतात ते त्या दुःखात कोणीतरी चांगुलपणाने वागते तेव्हा. ‘श्वास’मधील आजोबा रोगापुढे हतबल आहेत, तरी त्यांच्या हाती जे आहे ते सगळे ते नातवाला देऊन टाकतात, आणि आपण रडतो ते त्या देण्यासाठी. अरुण नलावडे यांनी ही भूमिका करताना चेहऱ्यावर दुःख फारसे येऊच दिलेले नाही, ते चालण्यात आणि नातवाचा हात धरण्यात ठेवले आहे. अश्विन चितळे या बालकलाकाराला त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही त्याच्या निरागस हट्टासाठीच मिळाला असावा असे मला नेहमी वाटते.

आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे (१९५३) उदाहरण घ्या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट. आईच्या आजारपणाने आणि मृत्यूने प्रेक्षक हळवा होतो हे खरे आहे, परंतु माझ्या घरातील तीन पिढ्यांचा अनुभव असा की डोळे त्याच्या कितीतरी आधी ओलावतात. आंघोळ करून उभ्या असलेल्या श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपले लुगडे दगडावर पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. त्या घरात दारिद्र्य आहे, अपमान आहे, आणि तेवढ्यात ही बाई मुलाच्या पायांखाली स्वतःचे वस्त्र अंथरते.

याच चित्रपटातील ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणे तर या विचाराचा पुरावाच आहे. शब्द अत्र्यांचे, संगीत वसंत देसाई यांचे, स्वर आशा भोसले यांचा. कृष्णाचे बोट कापते, चिंधी हवी असते. सख्ख्या बहिणीला, सुभद्रेला, आपली उंची वस्त्रे फाडवत नाहीत, आणि मानलेली बहीण द्रौपदी मात्र अंगावरचा भरजरी पीतांबर क्षणाचाही विचार न करता फाडते. गाण्यात मृत्यू नाही, ताटातूट नाही, रडण्याचा उल्लेखही नाही. तरीही चांगले धीराचे पुरुष हे गाणे ऐकताना मान वळवतात, हे मी पाहिले आहे.

आपल्या वाचनालयातील सभासदांना मी एवढेच सुचवेन की चित्रपट संपल्यावर ‘कोठे रडू आले’ हे प्रत्येकाने आधी कागदावर लिहावे आणि मगच बोलावे. एकाने बोलायला सुरुवात केली की बाकीचे त्याच्याच प्रसंगाशी सहमत होतात.

उत्तर : दळणकांडण

वरील उत्तर पटले, तरी ज्या चित्रपटांची नावे येथे येत आहेत ते सगळे पुरस्कारप्राप्त आहेत आणि संयमासाठी नावाजलेले आहेत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील बायका ज्या चित्रपटासाठी पदराने डोळे पुसत चित्रपटगृहातून बाहेर पडल्या, तो विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) होता. त्याचे नाव काढले की सुशिक्षित मंडळी हसतात. मला ते हसणे अन्यायाचे वाटते.

अलका कुबल यांनी रंगवलेली ती मुलगी वडिलांच्या मायेला पारखी आहे आणि सासरी जाच सोसते आहे. कथा एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली असली तरी ती येथे परकी वाटली नाही, कारण तिची जमीन आपल्याकडे शेकडो वर्षे नांगरलेलीच होती. जात्यावरच्या ओव्या आठवून पाहाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभ्या केलेल्या कामातून महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. त्यांतील कितीतरी ओव्या माहेराच्या आहेत: न्यायला येणारा भाऊ, दूर राहिलेली आई, कोणाजवळ बोलता न येणारे सासरचे दुःख. पहाटे दळताना बाई जात्यापाशी मन मोकळे करत असे, आणि समोर बसून दळणारी दुसरी बाई तिच्या ओवीला आपली ओवी जोडत असे. पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ती रडण्याची हक्काची जागाही गेली. काळोखात शेजारी-पाजारी बसलेल्या पाचपन्नास बायकांनी एकत्र रडण्याची ती जागा काही काळ या चित्रपटाने परत दिली, असे मी मानते.

माझ्या आजोळी माझ्या मावश्या आणि त्यांच्या जावा हा चित्रपट पाहायला एकत्र गेल्या होत्या, आणि एरवी ज्या दोघी जावांमध्ये बोलणे नव्हते त्याही शेजारी बसून रडल्या, असे मावशी अजून सांगते. चित्रपट भडक आहे का? आहे. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला उसंत देत नाही, संवाद एकेक दुःख मोठ्याने सांगतात, सासू सगळीच काळी आणि सून सगळीच पांढरी आहे. परंतु ज्या बाईला स्वतःचे दुःख घरात मोठ्याने सांगायची मुभाच नव्हती, तिच्यासाठी पडद्यावर कोणीतरी ते मोठ्याने सांगणे ही गरज होती. आपल्या यादीत हा चित्रपट जरूर ठेवावा, आणि तो दाखवाल त्या दिवशी ज्येष्ठ स्त्रियांना आधी बोलू द्यावे.

उत्तर : तिसरी घंटा

‘सैराट’विषयी थोडे लिहितो. तेथे आपण रडला नाहीत, कारण रडण्याची सोय दिग्दर्शकाने काढून घेतली आहे. अजय-अतुल यांच्या संगीताने भरून वाहणारा तो चित्रपट शेवटी एकदम मुका होतो; बाहेरून आलेले लहान मूल रक्तात पाय भरून घराबाहेर चालत जाते आणि आपल्याला त्याचे रडणेही ऐकू येत नाही. तेथे एक सूर जरी वाजला असता तरी आपण रडून मोकळे झालो असतो आणि घरी जाऊन शांत झोपलो असतो. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त डुकराच्या मागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. त्या प्रसंगी मला शरम वाटली होती, आणि अश्रूंपेक्षा ती भावना अधिक काळ माझ्याबरोबर राहिली. अशा चित्रपटांना ‘रडवणारे’ या गटात बसवू नये, त्यांच्यासाठी वेगळा महिना ठेवावा.

नाटकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांमध्ये, अश्रूंची गणना केली आहे, आणि अश्रू कशाकशाने येतात हे सांगताना त्यांनी सुरुवात आनंदापासून केली आहे. शोक त्या यादीत बराच पुढे, धूर, काजळ आणि जांभई यांच्याही नंतर येतो. चित्रवेळा यांच्या म्हणण्याला याहून जुना आधार मला ठाऊक नाही. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) अप्पा बेलवलकरांची मोठी स्वगते गाजली, ती गाजायलाच हवीत, परंतु माझा गळा दाटून येतो तो ते आपल्या बायकोला ‘सरकार’ म्हणून हाक मारतात तेव्हा. सगळे राज्य गेलेल्या माणसाने बायकोची पदवी तेवढी कायम ठेवली आहे.

उत्तर : मंद्रसप्तक

गाण्यांविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून हा प्रयत्न. मी अनेक वर्षे शास्त्रीय गायन शिकवतो. विद्यार्थी नेहमी विचारतात की करुण राग कोणते, आणि त्यांना भैरवी, तोडी, जोगिया अशी नावे अपेक्षित असतात. कोमल स्वरांचा परिणाम मी नाकारत नाही, परंतु अश्रूंचा हिशेब केवळ रागावर मांडता येत नाही.

गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या ५६ गीतांच्या मालिकेला प्रारंभ झाला आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत लोक रेडिओपाशी जमून ऐकत होते. त्यातील ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत ऐकताना आजही सभागृहात रुमाल निघतात. भरत रामाला परत न्यायला चित्रकूटावर आला आहे, वडिलांच्या मृत्यूची वार्ता ताजी आहे, आणि आईने केलेल्या अन्यायाच्या अपराधाने तो पोळला आहे. अशा वेळी बाबूजींनी, म्हणजे फडके यांनी, चाल बांधली ती यमनकल्याणात, म्हणजे प्रसन्न आणि शांत समजल्या जाणाऱ्या स्वरांत. कारण येथे बोलतो आहे राम, आणि तो रडत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच अन्यायाचे ओझे वाहणाऱ्या धाकट्या भावाची समजूत घालतो, दोष कोणाचाच नाही असे सांगतो, आणि समुद्रात दोन ओंडके जवळ येतात व एका लाटेने दुरावतात हा वाल्मीकींचा जुना दृष्टान्त देतो. राम रडला असता तर श्रोते स्वस्थ बसले असते. तो स्थिर राहतो, म्हणून आपण हलतो.

आता स्वरांच्या पातळीवर काय होते ते पाहू. जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली श्रोत्यांकडून संगीतातील नेमक्या जागा जमा केल्या, तेव्हा पाश्चात्त्य संगीतात डोळ्यांत पाणी येण्याच्या जागा पुष्कळदा एकाच प्रकारच्या निघाल्या: अपेक्षित स्वरावर थेट न येता त्याच्या शेजारच्या स्वराला स्पर्श करून, क्षणभर तेथे ताण धरून मग मुख्य स्वरावर उतरणे. आपल्या गवयांना हे नवे नाही. कणस्वर (मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा शेजारचा स्वर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) यांचे सारे सामर्थ्य याच थांबण्यात आहे. षड्जावर (सा) कधी पोहोचतो याची वाट पाहायला लावून गायक त्याच्या अलीकडच्या निषादावर (नी) रेंगाळतो आणि मग हळुवारपणे षड्ज लावतो, तेव्हा श्रोत्याचा रोखलेला श्वास सुटतो, आणि डोळ्यांतले पाणी बहुधा त्या सुटण्याबरोबर येते.

दळणकांडण यांनी माहेराचा विषय काढला आहे, त्याला एक जोड देतो. ‘माझे माहेर पंढरी’ हा एकनाथांचा अभंग राम फाटक यांनी स्वरबद्ध केला आणि पंडित भीमसेन जोशी यांनी गायला. एवढ्या भारदस्त, पहाडी आवाजाचा पुरुष सासुरवाशिणीच्या ओढीने माहेर आळवतो, आणि समोर बसलेले पुरुष, ज्यांना माहेर सोडावे लागलेच नाही, तेही विरघळतात. भीमसेनजी या अभंगात आवाज बारीक करत नाहीत, की मुद्दाम हळवाही करत नाहीत. ते ‘माहेर’ या शब्दावर पूर्ण छातीने उभे राहतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो की गाताना स्वतःचा गळा दाटू देऊ नये. गायकाचा गळा दाटला की स्वर हलतो, आणि श्रोता गाण्यातून बाहेर येऊन गायकाची काळजी करू लागतो.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. मी सुरुवात ‘श्वास’ने करणार आहे आणि कागदावर लिहून घेण्याची सूचना त्याच दिवशी अमलात आणेन. दुसऱ्या महिन्यात ‘श्यामची आई’ आणि तिसऱ्या महिन्यात ‘माहेरची साडी’ ठेवते. त्या दिवशी वाचनालयाच्या शेजारच्या आळीतील आजीबाईंना ओव्या म्हणण्याची विनंती करण्याचा विचार आहे. ‘सैराट’ आणि ‘फँड्री’ यांना स्वतंत्र महिना द्यावा हे पटले. मंद्रसप्तक यांना एक विनंती आहे. चित्रपटांच्या जोडीने केवळ ऐकण्याची एक सायंकाळ ठेवायची झाली, तर गीतरामायणातील आणखी कोणती गीते घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने, हे सवडीने लिहावे. आमच्याकडे ध्वनिक्षेपक साधा आहे आणि खोली लहान आहे, तेव्हा त्या बेताने सुचवावे.