फेडरर आणि नदाल : 24–16 या आकड्यातून नेमके काय सिद्ध होते?

चौथा सेट

2004 मध्ये मायामीतील टेनिस स्पर्धेत 17 वर्षांच्या राफाएल नदालने तेव्हा क्रमवारीत अव्वल असलेल्या रॉजर फेडररला 6–3, 6–3 असे सरळ हरवले. तेथून सुरू झालेली या दोघांची मालिका 2019 च्या विम्बल्डन उपांत्य सामन्यात फेडररच्या विजयाने थांबली. एकूण 40 सामने झाले; त्यांपैकी 24 नदालने आणि 16 फेडररने जिंकले. दोघेही निवृत्त झाल्यामुळे या आकड्यात आता काही फरक पडायचा नाही, परंतु त्याचा अर्थ कसा लावायचा यावर मात्र अजूनही एकमत दिसत नाही.

नदालच्या चाहत्यांच्या मते हा आकडा पुढे केला की वाद संपला. त्यावर फेडररचे चाहते लगेच सांगतात की 40 पैकी 16 सामने मातीच्या कोर्टवर झाले, त्यांतले 14 नदालने जिंकले आणि ते वगळले तर फेडररच 14–10 असा पुढे आहे. मला हे दोन्ही युक्तिवाद घाईचे वाटतात. टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे ग्रँड स्लॅमपैकी, एक (फ्रेंच ओपन) मातीवर खेळली जात असताना मातीवरचे निकाल वगळण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? आणि दुसरीकडे, एका खेळाडूच्या घरच्यासारख्या मैदानावर जवळपास निम्मी मालिका खेळली गेली असेल, तर तिच्या बेरजेला सरसकट श्रेष्ठत्वाचा पुरावा कसे मानायचे?

या दोघांच्या परस्परांमधील निकालांना आपण किती वजन द्याल आणि का, हे जाणून घ्यायला आवडेल. त्यांचा समकालीन प्रतिस्पर्धी जोकोविच याची 24 ग्रँड स्लॅम विजेतेपदे सर्वांना ठाऊक आहेत. ती येथे आणू नयेत, ही विनंती.

हिरवळप्रेमी

माझ्या मते फार कमी वजन द्यावे. याचे कारण माती हे नसून, दोघांची गाठ कुठे पडली आणि कुठे पडली नाही हे आहे. जो खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोहोचून हरतो त्याच्या नावावर पराभव नोंदला जातो. जो उपांत्यपूर्व फेरीतच बाद होतो त्याच्या नावावर या हिशोबात काहीच नोंदले जात नाही. फेडरर 2006, 2007 आणि 2008 अशी सलग तीन वर्षे फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा समोर नदाल होता. फेडरर मातीवर साधारण खेळाडू असता तर ते तीनही पराभव त्याच्या खात्यात जमा झाले नसते. मातीवरचा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू असण्याचीच त्याला ही शिक्षा मिळाली, असे मी म्हणेन.

आता उलट बाजू पाहा. फेडररने 2004 ते 2008 अशी सलग पाच वर्षे अमेरिकन ओपन जिंकले, पण त्यांतल्या एकाही वर्षी नदाल अंतिम फेरीत पोहोचला नाही. 2008 मध्ये तो उपांत्य फेरीत मरेकडून आणि त्यानंतरच्या वर्षी त्याच फेरीत डेल पोत्रोकडून हरला. दोन्ही वेळा फेडरर अंतिम फेरीत होता. पुढे 2010 आणि 2011 मध्ये नदाल अंतिम फेरीत आला, तेव्हा दोन्ही वर्षी फेडररने उपांत्य सामन्यात जोकोविचविरुद्ध दोन-दोन मॅच पॉइंट (सामना जिंकून देऊ शकणारे गुण) गमावले. 40 सामन्यांच्या या मालिकेत अमेरिकन ओपनमधला, म्हणजे न्यूयॉर्कमधला, एकही सामना नाही, ही गोष्ट मला आजही चुटपूट लावून जाते. 2007 अखेर नदाल 8–6 असा पुढे होता आणि त्या 14 सामन्यांपैकी 7 मातीवर झाले होते. वर्षाचा बहुतांश काळ ज्या हार्ड कोर्टवर टेनिस खेळले जाते, त्यावर दोघांची गाठ तोवर जेमतेम पाच वेळा पडली होती. अशा नमुन्यावरून निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

तांबडी माती

हिरवळप्रेमी यांचा मुद्दा 2007 पर्यंत अगदी योग्य आहे आणि फेडररचे चाहते नेमके तेथेच थांबतात. मालिकेचा पुढचा भाग पाहिला की मातीची सबब टिकत नाही.

2008 पासून 2014 च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत दोघे 19 वेळा खेळले. नदालने त्यांपैकी 15 सामने जिंकले. यांतले आठ सामने मातीवरचे होते असे म्हणून ते बाजूला काढले, तरी उरलेल्या 11 मध्ये नदाल 8–3 असा पुढे आहे. या आठ विजयांत 2008 चे विम्बल्डन आहे, ज्या मैदानावर फेडरर सलग पाच वर्षे विजेता होता आणि हिरवळीवर सलग 65 सामने जिंकून उतरला होता. त्यांत 2009, 2012 आणि 2014 ची ऑस्ट्रेलियन ओपन आहे. 2009 च्या अंतिम सामन्यापूर्वी नदाल वर्दास्कोविरुद्ध 5 तास 14 मिनिटे खेळला होता, फेडररला त्याच्यापेक्षा एक दिवस अधिक विश्रांती मिळाली होती, आणि तरीही पाचवा सेट नदालने 6–2 असा घेतला. तेव्हा फेडरर 27 वर्षांचा होता. 27 व्या वर्षी कोणालाही वयाची सवलत देण्याचे कारण नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ग्रँड स्लॅममधील हिशोब नदालच्या बाजूने 10–4 असा आहे. त्यातून फ्रेंच ओपनचे सहाच्या सहा सामने काढून टाकले, म्हणजे फेडररला हवी ती संपूर्ण सूट दिली, तरी 4–4 अशी बरोबरी उरते. फेडररची आघाडी नाही. मातीबाहेरची 14–10 ही आघाडी मुख्यतः वर्षअखेरच्या, तीन सेटच्या सामन्यांच्या स्पर्धेतून आलेली आहे. त्या विजयांना किंमत नाही असे मी म्हणत नाही, पण पाच सेटच्या सामन्यात नदालला हरवणे ही वेगळीच गोष्ट होती, हे मान्य करावे लागेल. 2006 च्या रोममधील अंतिम सामन्यात जवळपास पाच तासांनंतर फेडररकडे दोन मॅच पॉइंट होते आणि तरीही तो सामना नदालने नेला. त्या दिवशी निकाल उलटा लागता तर पुढच्या मालिकेचा रंगच वेगळा झाला असता, असे मला नेहमी वाटते.

डावखुरा

वरील दोन्ही प्रतिसादांत आकडे आहेत, पण नदाल फेडररला नेमका कसा हरवत होता याचा उल्लेख नाही. तो केल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही.

नदालचा डाव्या हाताचा फोरहँड भरपूर टॉपस्पिन घेऊन कोर्टच्या कर्णावर येई आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या फेडररच्या बॅकहँडकडे खांद्याच्या उंचीपर्यंत उसळे. एका हाताच्या बॅकहँडला तेवढ्या उंचीवर चेंडूमागे वजन टाकता येत नाही. मागे सरकून खेळावे तर कोर्ट मोकळे पडते, आणि स्लाइस करून परतवावा तर नदालला पुढचा फोरहँड निवांत मिळतो. यात काहीच गूढ नव्हते. प्रेक्षकांनाही योजना ठाऊक होती, आणि तरीही ती वर्षानुवर्षे यशस्वी ठरली.

सर्व्हिसचा भाग याहून कमी चर्चिला जातो. डावखुऱ्या खेळाडूची वळून बाहेर जाणारी सर्व्हिस सर्वांत जाचक ठरते ती ॲड कोर्टमध्ये (सर्व्हिस परतवणाऱ्याच्या डावीकडच्या बाजूस), कारण तेथे ती उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडपासूनही दूर पळते. आता गुणांचा क्रम आठवून पाहा: 0–40, 30–40 आणि ड्यूसनंतरचा ॲडव्हान्टेज हे सगळे ब्रेक पॉइंट (सर्व्हिस करणाऱ्याचा गेम हिरावण्याची संधी देणारे गुण) ॲड कोर्टमध्येच खेळले जातात, अपवाद फक्त 15–40 चा. म्हणजे फेडररला संधी मिळे नेमकी तेव्हाच नदालची सर्वांत उपयुक्त सर्व्हिस त्याच्या हाताशी असे. 2007 च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात फेडररने 17 पैकी एकच ब्रेक पॉइंट जिंकला. 2008 च्या विम्बल्डनमध्ये 13 पैकी एक. फेडररचे मन दबावाखाली कच खाई, असे स्पष्टीकरण त्या काळी फार दिले जाई. मला ते अर्धेच पटते, कारण दबाव दोघांवरही होता, पण भूमिती एकाच्याच बाजूने होती.

आणि म्हणूनच 2017 हे वर्ष मला या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण वाटते. फेडरर 2014 मध्येच 90 चौरस इंचांची रॅकेट सोडून 97 च्या रॅकेटकडे वळला होता. 2016 च्या विम्बल्डननंतर त्याने उरलेले वर्ष विश्रांती घेतली आणि परतल्यावर तो बॅकहँड बेसलाइनला चिकटून, चेंडू उसळत असतानाच, सपाट मारू लागला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये 1–3 असा मागे असताना त्याने सलग पाच गेम घेतले. त्या वर्षी इंडियन वेल्स, मायामी आणि शांघाय येथेही तोच जिंकला. वयाच्या 35 व्या वर्षी एखादा खेळाडू आपल्या सर्वांत जुन्या दुखण्यावर इलाज शोधतो, असे टेनिसमध्ये क्वचितच घडते.

टायब्रेक

डावखुरा यांच्या विवेचनाला एकच पुरवणी. 2008 च्या विम्बल्डनमध्ये चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदालकडे मॅच पॉइंट असताना फेडररने तो वाचवला, तो याच बदनाम बॅकहँडने, रेषेलगत मारलेल्या पासिंग शॉटने. तो टायब्रेक त्याने 10–8 असा घेतला. म्हणजे तो फटका त्याच्याकडे नव्हता असे नव्हे. चार तास सतत तो मारत राहण्याची तयारी नव्हती. सामना अखेर 4 तास 48 मिनिटांनी, अंधुक प्रकाशात, 9–7 असा संपला. माझ्यापुरते सांगायचे तर त्या एका सामन्यातले टेनिस पाहिल्यानंतर कोण श्रेष्ठ हा प्रश्नच मला पडत नाही.

चौथा सेट

सर्वांचे आभार. डावखुरा यांचे म्हणणे मान्य केले तर मला एक अडचण दिसते. नदालची शैली फेडररच्या एका विशिष्ट उणिवेवर नेमकी बसत होती, हेच या मालिकेचे स्पष्टीकरण असेल, तर 24–16 हे शैलींच्या जुळणीचे माप झाले, थोरवीचे नव्हे. रशियाचा डाव्हिडेंको नदालविरुद्ध 6–5 असा पुढे राहिला, म्हणून त्याला कोणी नदालपेक्षा श्रेष्ठ म्हणत नाही. फेडरर 310 आठवडे अव्वल स्थानी होता, नदाल 209. ग्रँड स्लॅम विजेतेपदे मात्र नदालची 22 आणि फेडररची 20. संपूर्ण क्षेत्राविरुद्धच्या कामगिरीची ही मापे हाताशी असताना एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे निकाल दुय्यम ठरू नयेत का?

तांबडी माती

डाव्हिडेंकोचे उदाहरण येथे लागू पडत नाही. ती 11 सामन्यांची मालिका होती. येथे 40 सामने आहेत आणि त्यांतले 24 अंतिम सामने. एखाद्या स्पर्धेचे विजेतेपद ज्या सामन्यावर अवलंबून आहे, तो सामना तुम्ही ज्याच्याविरुद्ध सतत हरता, त्याच्याविरुद्धचा हिशोब हा तुमच्या एकूण कामगिरीपासून वेगळा काढताच येत नाही. फेडररची विजेतेपदे 20 वर थांबली यात नदालचा वाटा आहेच. शिवाय ‘शैलीची जुळणी’ ही काही दैवाने दिलेली गोष्ट नव्हती. उणीव समोर दिसत असूनही ती दूर करायला फेडररने 2017 पर्यंत वेळ घेतला, आणि नदालने मात्र हिरवळीवर व हार्ड कोर्टवर जिंकण्यासाठी आपली सर्व्हिस, बॅकहँड आणि उभे राहण्याची जागा फार लवकर बदलली. त्याबद्दल त्याला श्रेय नको का?

हिरवळप्रेमी

श्रेय जरूर द्यावे. मात्र मग 2015 ते 2019 मधील सात सामन्यांपैकी फेडररने सहा जिंकले, याचेही श्रेय त्याच मापाने द्यावे लागेल. मातीबाहेर त्या काळात नदालला एकही सामना जिंकता आला नाही, आणि वयाने तो फेडररपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान होता.

तांबडी माती

ते मी आनंदाने देतो. पण त्या सात सामन्यांत मातीवरचा एकच होता, 2019 चा फ्रेंच ओपन उपांत्य सामना, आणि तो नदालने सरळ सेटमध्ये जिंकला. फेडरर 2017 आणि 2018 मध्ये मातीच्या हंगामात खेळलाच नाही. गाठ कुठे पडली नाही याचा हिशोब तुम्ही 2007 पर्यंत मांडलात. तोच हिशोब शेवटच्या टप्प्यालाही लावावा. दोन्हीकडची ही वजाबाकी केली तर मालिका कदाचित 22–18 अशी दिसेल; पारडे फिरलेले दिसणार नाही.

हिरवळप्रेमी

22–18 मला मान्य आहे. मात्र 2010 आणि 2011 चे अमेरिकन ओपनचे दोन अंतिम सामने त्यात खेळवले गेले आहेत असे धरून; आणि ते कोण जिंकले असते यावर आपले एकमत होणार नाही, हे मला आताच दिसते आहे.