मराठीची प्रश्नचिन्हं झाली, आणि म्हणे चूक आमची

शिरोरेखा
'सर्व्हरवाला' यांनी काल लिहिलंय की युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक) आल्यावर मराठी फाइल बिघडण्याचा प्रश्न संपला, आता बिघडते ती आळशी माणसाच्या हातून. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी जुन्या प्रणालीतून नवीत न्यायची होती. कंत्राटदाराने सीएसवी, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल पाठवली, ती यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत होती. आमच्या ग्रंथपाल ताईंनी डबल क्लिक केलं. 'मराठी' शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग रजिस्टर्डचं चिन्ह... आणि शेवटच्या वेलांटीच्या जागी चक्क येन आणि युरो! ताई घाबरल्या, फाइल परत मागवली. या वेळी एक्सेलची आली, व्यवस्थित दिसली. त्यांनी दोन दिवस बसून पत्ते दुरुस्त केले आणि नव्या प्रणालीला हवी म्हणून साध्या सीएसवीत जतन केली, त्याच नावाने एक्सेलची मूळ फाइल पुसून. दुसऱ्या दिवशी उघडली तर नावागणिक प्रश्नचिन्हांची रांग.

जतन करताना इशारा येतो तो 'काही सोयी जातील' असा. अक्षरं जातील असं कोण सांगतं? ताई आळशी नाहीत. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या कुठल्या पद्धतीत आहे ते न सांगता जो पाठवतो, जबाबदारी त्याची. माझं म्हणणं एवढंच.

सर्व्हरवाला
ताईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण कंत्राटदाराने फाइल बरोबर पाठवली होती हे तुम्हीच लिहिताय. डबल क्लिक करायचं नसतं. डेटा टॅबमधून आयात करा, फाइलचं मूळ म्हणून ६५००१ (यूटीएफ-८ चा क्रमांक) निवडा, झालं. जतन करताना 'सीएसवी यूटीएफ-८' हा पर्याय वेगळा असतो, तो घ्या. आणि येन-युरोवाली फाइल बिघडलेली नसतेच. बाइट तेच, वाचणारा चुकला. उलट फिरवलं की मराठी जशीच्या तशी परत.

शिरोरेखा
जशीच्या तशी? करून पाहिलंय का? देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. हलन्ताचा शेवटचा बाइट षोडशमान पद्धतीत ८डी. एक्सेल चुकून ज्या जुन्या इंग्रजी-युरोपी तक्त्याने फाइल वाचतं, त्या विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. ऱ्हस्व उकाराच्या ८१ चं तेच, 'झ'च्या ९डी चं तेच. काही साधनं तो बाइट अदृश्य ठेवून सांभाळतात, काही टाकून देतात. मग 'पुष्पा'चा उकार जातो आणि जोडाक्षर फुटतं. 'ठ'चा शेवटचा बाइट तर न तुटणारी मोकळी जागा बनतो. कोणी रकाना ट्रिम केला आणि नाव 'ठ'वर संपत असेल तर तो 'ठ' गेला. आधी कोणी 'साफसफाई' केली नसेल तरच उलट फिरवून सगळं परत येतं.

सर्व्हरवाला
ठीक. ट्रिम केलेली फाइल परत येणार नाही, मान्य. पण ट्रिम कोणी केलं? माणसानेच ना!

मधली_आळी
दोघांचं भांडण वाचून एक विचारतो. फाइलच्या सुरुवातीला 'ही यूटीएफ-८ आहे' असं सांगणारे तीन बाइट टाकले, म्हणजे बीओएम, तर एक्सेल डबल क्लिकवरही मराठी नीट उघडतं. पाठवणाऱ्याने तेवढं केलं असतं तर?

सर्व्हरवाला
दादा, बीओएमचं नाव काढू नका. माझी एक रात्र त्यात गेलीय. लिनक्सवरची स्क्रिप्ट 'क्रमांक' नावाचा पहिला रकाना शोधत होती आणि सापडत नाही म्हणत होती. पडद्यावर 'क्रमांक' ढळढळीत दिसतोय! पहाटे तीनला बाइट उघडून पाहिले, तर 'क'च्या आधी ईएफ बीबी बीएफ. एकाची सोय ती दुसऱ्याची डोकेदुखी. म्हणून मी बीओएम टाकत नाही आणि टाकणारही नाही.

कऱ्हाडकर
तुम्ही बाइटांवर भांडताय, पण सगळं शुद्ध यूटीएफ-८ असूनही फाइल जुळत नाही त्याचं काय? आमच्या गावाचंच नाव घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. त्याला हलन्त आणि ह. दुसरा माणूस साधा र, हलन्त आणि मग अदृश्य जोडक लावतो. दिसायला दोन्ही 'कऱ्हाड'. संगणकाला दोन गावं.

दोन गावांच्या याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे होतं. पाच दिवस. एकच माणूस दोनदा, तीनदा. तिसरा प्रकार जुन्या मॅकमधून आला. तिथली डिस्क फाइलचं नाव साठवताना ऱ फोडून र आणि खाली नुक्ता (टिंब) करते. 'कऱ्हाड' नावाचं फोल्डर सर्व्हरवर चढवलं आणि त्याच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसायला लागली.

सर्व्हरवाला
नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणा. त्याचा एनएफसी प्रकार. दोन ओळींचं काम.

कऱ्हाडकर
नुक्तावाला प्रकार त्याने सुटतो, मॅकचं फोल्डर मी तसंच सोडवलं. जोडकवाला सुटत नाही. युनिकोडच्या लेखी ते दोन समतुल्यच नाहीत. 'ॲप'चंही तेच. ॲ हे अक्षर २००८ ला ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे. आजही देतात. एनएफसी लावा नाहीतर काही लावा, ते दोन एक होत नाहीत. नियम हाताने लिहावा लागतो. तुम्ही कधी मराठी नावांची यादी जुळवलीय का, की नुसतं इंग्रजीवर चालवून इथे येऊन सांगताय?

सर्व्हरवाला
वैयक्तिक होऊ नका. वीस वर्षं मराठी डेटा हलवतोय.

मधली_आळी
आणि ते हिंदी वळणाचे ल आणि श? फाइल इकडून तिकडे गेली की आपला ल बदलतो! यावर कोणी बोलत नाही.

कऱ्हाडकर
तो फॉन्टचा प्रश्न आहे हो, बाइट तेच राहतात. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

छापखाना८९
तुम्हा सगळ्यांना निदान युनिकोड तरी मिळालं. पुस्तकाची पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्यात युनिकोड नाहीच. आम्ही शंभरावर पुस्तकं लावली ती अशा फॉन्टात, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. वेलांटी आधी टंकायची, अक्षर नंतर. फॉन्ट काढून घेतला की हातात नुसता इंग्रजी कचरा. रूपांतराची साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि रफार हटकून चुकीच्या अक्षरावर जातो. 'कार्य'चं 'र्काय' झालेलं मी डोळ्यांनी वाचून वाचून दुरुस्त केलंय, सहाशे पानं. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांसाठीचं मानक १९९१ पासून होतं, एका अक्षराला एक बाइट. ते धरलं असतं तर आज एका आज्ञेत रूपांतर झालं असतं. कोणी धरलं नाही, आम्हीही नाही. ते आजही सलतं.

सर्व्हरवाला
काका, हे पटलं. तिथे वापरणाऱ्याच्या हातात खरंच काही नव्हतं.

शिरोरेखा
आणि आमच्या ताईंच्या हातात होतं? कंत्राटदाराच्या नव्या प्रणालीत नावाचा रकाना ३० चा आहे. ३० अक्षरं असं ते म्हणाले. निघाले ३० बाइट! 'ज्ञानेश्वर' मोजून पाहा, हलन्त आणि काना-मात्रा धरून दहा चिन्हं, म्हणजे बरोबर ३०. 'ज्ञानेश्वरी' नावाच्या आमच्या एक सभासद आहेत. त्यांची वेलांटी कापली गेली, त्यांचा ज्ञानेश्वर झाला आणि कार्ड छापूनही आलं. सत्तर वर्षांच्या बाई, काउंटरवर ते कार्ड उलटसुलट करून बघत होत्या. यात ताईंनी काय चुकीचं दाबलं ते सांगा.

सर्व्हरवाला
इथे चूक प्रणाली बनवणाऱ्याची. आळशी हा शब्द मागे घेतो. पण डबल क्लिक करू नये हे कायम.

शिरोरेखा
शब्द मागे घेतलात, पोचलं. बीओएमबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही आणि होणार नाही.

सर्व्हरवाला
नका होऊ. ताईंकडे पहिल्यांदा आलेली, येन-युरोवाली फाइल मेलमध्ये अजून असेल ना? ती न उघडता, न जतन करता झिप करून ठेवा. प्रश्नचिन्हांच्या फाइलमधून काहीही मिळणार नाही, त्यात प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय. पहिलीत सगळी नावं शाबूत आहेत.

शिरोरेखा
मेल सापडली. दुरुस्त केलेले पत्ते मात्र गेले ते गेलेच. शनिवारी ताई आणि मी कपाटातली कार्डं काढून बसतोय.

कऱ्हाडकर
पत्ते भरताना ऱ एकाच पद्धतीने भरा. ०९३१. कळकळीची विनंती.