कड्यावरचा लाकडी निवारा: उघडी बाजू कुठे ठेवू?

प्रश्न: दरीच्या तोंडाशी आठ माणसं बसतील एवढा लाकडी निवारा आखतेय. दृश्य पश्चिमेला, पण पावसाचा मारही तिकडूनच. काय करू?

उत्तर: वाऱ्याकडे निवाऱ्याची बंद पाठच हवी. दृश्यासाठी त्याच भिंतीत, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल अशी आडवी काच पुरते. नॉर्वेत येर्किनला स्नोहेट्टा या वास्तुरचना संस्थेचा २०११चा मंडप बघा: डोंगराच्या बाजूला अख्खी काच, आत जहाजं बांधणाऱ्यांनी घडवलेली पाइनची वळणदार बाकं. फार सुंदर!

उत्तर: आणि लाकूड कुजतं ते खालून. खांब मातीत पुरू नका, दगडावर लोखंडी बैठक देऊन वीतभर उचला. तुळईचं कापलेलं टोक पाणी पितं, त्यावर वळचण हवीच.

प्रश्नकर्ती: मग पाठ पश्चिमेला. काचेची उंची कागदावर नाही ठरवत, उद्या स्टूल घेऊन कड्यावरच बसते.