शाळेचा ब्लॉग: मुलांनी लिहायचा, की सरांनी जीआर चिकटवायचे?

खडूफळा
२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकू यायला लागला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषद शिक्षकांच्या ब्लॉगांचं पीकच आलं. कुठलाही उघडा: वर सरकणारी लाल अक्षरं, भेट देणाऱ्यांचा आकडा, खाली शासन निर्णय, आकारिक (वर्षभर घ्यायच्या छोट्या) चाचण्या आणि मुलांच्या प्रगतीबद्दल लिहायच्या तयार वर्णनात्मक नोंदी. शिक्षकांचे तालुक्याचे खेटे वाचले, हे मान्य. पण मुलं कुठायत?

माझं म्हणणं, शाळेच्या ब्लॉगवर मुलांचंच लेखन यावं. सातवीला 'माझा आवडता ऋतू' दिला की निम्मा वर्ग गाईडमधला पावसाळा उतरवतो. त्याच वर्गाला सांगितलं, 'कांदा साठवायची चाळ म्हणजे काय, ते चाळ न पाहिलेल्या मुलांना सांगा.' एकाने लिहिलं: तळाला हवा खेळायला फटी ठेवायच्या, पात सुकल्यावर मान कापूनच कांदा भरायचा, फार उंच रचला तर खालचा दबून सडतो. ते आम्ही दुसऱ्या शाळेला पाठवलं. तिकडून विचारणा आली, 'पत्र्याखाली कांदा तापत नाही का?' पोरगा घरी आजोबांना विचारून आला आणि पत्र्यावर उसाचं पाचट का टाकतात, ते स्वतःहून वाढवून लिहिलं. मी लाल पेनाने 'सविस्तर लिही' म्हटलं असतं, तर त्याने अक्षर मोठं काढलं असतं.

लालशाई
सर, कल्पना छान आहे, पण नवं त्यात काय? भित्तिपत्रक होतं, हस्तलिखित होतं. आणि शाळेत संगणक एक, तोही ऑफिसात, यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची, माहिती भरायला. मुलं वहीत लिहिणार आणि टाइप रात्री सरच करणार. टाइप करता करता 'सुधारणार'सुद्धा. मी अशा एका शाळेचा ब्लॉग पाहिलाय. पाचवीतल्या मुलाच्या नावाखाली 'निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे टुमदार गाव'! पाचवीतलं पोरगं असं बोलतं होय? साहेब तपासणीला येणार म्हणून सजवलेलं प्रकरण आहे ते.

खडूफळा
टाइप कशाला करायचं? वहीच्या पानाचा फोटो टाका, खाडाखोडीसकट. नाहीतर मोबाईलवर बोलून लिहू दे. भित्तिपत्रक वाचायला त्याच शाळेतली मुलं, त्यांना चाळ माहीतच आहे. मग समजावून सांगायचं कुणाला?

आईची_नोकरी
मला दुसरीच भीती आहे. शाळा नाव, इयत्ता, गाव आणि गणवेशातला फोटो एकत्र टाकतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. 'पालकसभेत सांगितलं होतं' हे त्यात बसत नाही. शिवाय पाचवीतली कविता नववीत कुणीतरी शोधून काढतं आणि चिडवतं. वही निदान रद्दीत जाते हो.

उंबरठा
मुलांचं लिखाण खरंच वाचलं जातं तेव्हा काय होतं, ते स्कॉटलंडमध्ये दिसलं. २०१२ साली मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत मिळणाऱ्या जेवणाचा रोज फोटो टाकून त्याला गुण द्यायला सुरुवात केली. लेखनाचा सराव म्हणून. जगभरातून लोक वाचायला लागले, तर स्थानिक कौन्सिलने फोटो काढायलाच बंदी घातली. इतका गहजब झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. त्याच ब्लॉगमधून शाळकरी मुलांच्या जेवणासाठी मोठा निधी उभा राहिला आणि मलावीत स्वयंपाकघर झालं.

लालशाई
उंबरठा, उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत. तो ब्लॉग मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा होता, शाळेचा नव्हे. आपल्याकडे पोषण आहाराच्या खिचडीत खडे निघाले असं चौथीच्या पोरीने लिहिलं, तर खडूफळा सर शाळेच्या ब्लॉगवर टाकतील? कांद्याची चाळ चालेल. ती कुणाला टोचत नाही.

खडूफळा
नाही टाकणार. केंद्रप्रमुखांचा (आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा) फोन यायच्या आधीच मी ते बाजूला ठेवीन. पण भित्तिपत्रकावर तरी खिचडीतले खडे कुठे येत होते? त्यावरून चाळीचं लिखाण फुकट ठरत नाही. आईची_नोकरी यांचं मात्र पटलं. आडनाव, फोटो, गाव काढतो, टोपणनाव मुलांनाच निवडू देतो. संमती प्रत्येक पालकाची लेखी घेतो.

जुना_दुवा
एक रुक्ष मुद्दा. यातले बहुतेक ब्लॉग सरांच्या खासगी जीमेलवर आहेत. सरांची बदली झाली की ब्लॉगही बदलून जातो. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश हे वेबवरचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर बंद झालं आणि त्यावर बनवलेले खेळ मेले. पुढच्या वर्षी गुगल ड्राइव्हने सुरक्षेचे नियम बदलले, तेव्हा कित्येक जुन्या फायली 'परवानगी मागा' म्हणायला लागल्या. मुलांचं लेखन ठेवायचं असेल तर खातं शाळेच्या नावाने काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांच्या चार्जपट्टीत (पदभार सोपवतानाच्या यादीत) नोंदवा आणि वर्षाअखेरीस सगळं छापून एक प्रत ग्रंथालयात ठेवा.

लालशाई
म्हणजे शेवटी हस्तलिखितच!

खडूफळा
चालेल की. पण आधी वाचक हवेत. समुद्राकाठची एखादी शाळा जोडून हवी आहे, सहावी-सातवी. आमच्या पोरांनी मासे सुकवताना पाहिलेले नाहीत. कुणी शिक्षक असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.