कोलोराडोचा २०२३ चा हंगाम: ४-८ ला प्रगती म्हणायचं का?

चौथा डाऊन
डिऑन सँडर्स डिसेंबर २०२२ मध्ये कोलोराडो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा संघ १-११ (एक विजय, अकरा पराभव) वर होता. त्यांच्या पहिल्या हंगामात ४-८. याला सगळे प्रगती म्हणतात, मला ते पटत नाही. तेव्हा संघाला देता येणाऱ्या ८५ शिष्यवृत्त्यांमध्ये जुने खेळाडू जेमतेम दहाएक उरले, बाकी बहुतेक ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आणले. रिसीव्हर (पास झेलणारा), कॉर्नरबॅक (त्याला रोखणारा) असे तयार मिळतात. ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर भिंत धरणारे पाच जण, मिळत नाही. समोरचे दोघे स्टंट करून जागा बदलतात तेव्हा गार्डने (लाइनमधला आतला) कोणाला सोडायचं आणि टॅकलने (टोकाचा) कोणाला घ्यायचं, हे पाच जण महिनोन्‌महिने शेजारी उभे राहिले तरच जमतं. तिथेच हा संघ फुटला. क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स ५२ वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), पाठीचं हाड मोडलं आणि यूटाविरुद्धचा शेवटचा सामना त्याला खेळता आला नाही.

बोल्डरवासी
साफ असहमत. २०२२ मध्ये हा संघ सामन्याला सरासरी १५.४ गुण करत होता आणि ४४.५ देत होता. २०२३ मध्ये २८.२ केले, ३४.८ दिले. आठ पराभवांपैकी पाच सात किंवा त्याहून कमी गुणांचे: यूएससी, स्टॅनफर्ड, ओरेगन स्टेट, अ‍ॅरिझोना, यूटा. आधीच्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या टीसीयूला त्यांच्या मैदानावर ४५-४२ हरवलं. शिवाय तेव्हाच्या नियमाने नव्या प्रशिक्षकाला पहिल्या वर्षी जुने खेळाडू संघाबाहेर काढता यायचे. त्यांची शिष्यवृत्ती चालू राहायची, पण ती ८५ मध्ये मोजत नसत. ही सवलत पुढच्या वर्षी नसायची. १-११ च्या संघातली कोणती लाइन जपायची होती?

लाइनमन
सॅकचं सगळं खापर लाइनवर फोडू नका. टॅकल आपला कोन ठरवतो तो क्वार्टरबॅक सात ते नऊ यार्ड मागे उभा असेल हे धरून. बाहेरून क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या रशरला तो त्या जागेच्या मागून लांब वळसा घालायला लावतो. शेड्यूर चेंडू हातात ठेवून दहा-बारा यार्डांपर्यंत मागे सरकायचा, मग तोच वळसा सरळ त्याच्या अंगावर यायचा. टॅकलने काम बरोबर केलेलं असलं तरी सॅक त्याच्या नावावर लागतो.

पण प्रशिक्षकांनाही सोडणार नाही. लाइन कच्ची आहे हे ओरेगनने ४२-६ असं धुतलं तेव्हाच उघड झालं होतं. अशा वेळी उपाय ठरलेले असतात: टाइट एंडला (लाइनच्या टोकाशी उभा राहून पासही झेलणारा) आत ठेवून सहा-सात जणांचं संरक्षण, पासच्या वाटेवर निघण्याआधी रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणारा) कडेच्या रशरला खांदा देणं, तीन पावलांचे झटपट पास, रशर जोरात आत घुसू लागले की स्क्रीन (त्यांच्या मागे टाकलेला छोटा पास). याची किंमतही असते, पासच्या वाटेवर एक-दोन माणसं कमी पडतात. ती किंमत मोजायला हवी होती. पाच जणांवर भिस्त ठेवून लांबचे पास मारत राहिले.

चौथा डाऊन
आणि धावणं? पूर्ण एफबीएसमध्ये (कॉलेज फुटबॉलची सर्वोच्च श्रेणी) तळाला, सामन्याला सुमारे ६९ यार्ड. त्याचा भुर्दंड स्टॅनफर्डविरुद्ध बसला. मध्यंतराला २९-०, शेवटी दोन ओव्हरटाइमनंतर ४३-४६. मैदानाच्या आत संपणारी प्रत्येक धाव घड्याळातली चाळीसेक सेकंदं खाते. झेलला न गेलेला पास घड्याळ थांबवतो. एवढी आघाडी धावूनच राखायची असते. त्यात पेनल्ट्यांचा पाऊस, आणि स्टॅनफर्डचा रिसीव्हर एलिक आयोमानॉर एकटा २९४ यार्ड घेऊन गेला.

आकडेमोड
६९ हा आकडा जसाच्या तसा वापरू नका. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकमध्ये गेलेले यार्ड धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) पासमधून. एका सॅकला साडेसहा यार्ड धरले तर ५२ सॅकचे बाराही सामन्यांवर २८ च्या आसपास पडतात. म्हणजे खरी धाव ९५-१०० यार्ड. कमीच आहे, पण दोष एकच असताना तुम्ही तो दोनदा मोजताय.

दुसरं कोणी बोलत नाही म्हणून: यूसीएलएकडून हरल्यावर आक्रमणाचे प्रशिक्षक शॉन लुईसकडून प्ले कॉलिंग (कोणती चाल खेळायची ते ठरवणं) काढून पॅट शर्मरकडे दिलं. आधीच्या आठ सामन्यांत सरासरी ३२ गुण, नंतरच्या चारांत २०. हंगामातली सगळ्यात मोठी चूक माझ्या मते हीच.

बोल्डरवासी
त्या चारांतला यूटाचा सामना शेड्यूरशिवाय झाला आणि वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध तो दुखापतीने लवकर बाहेर गेला. उरले दोन, त्यातून काय सिद्ध होणार? शर्मर २०२४ मध्येही होतेच आणि तेव्हा ९-४ झालं, ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली. लेफ्ट टॅकलला जॉर्डन सीटन हा शाळेतून थेट आलेला मुलगा पहिल्या वर्षापासून खेळला. २०२३ मधून धडा घेतला याचा यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

चौथा डाऊन
सीटनची निवड उत्तमच, ते मान्य. पण त्या ९-४ मध्येही शेड्यूर ४२ वेळा सॅक झाला. तो आणि हंटर एनएफएलला गेले आणि २०२५ मध्ये ३-९. पाया भरला असता तर दोन माणसं गेल्यावर सहा विजय कमी झाले नसते.

लाइनमन
दोन माणसं म्हणताय, पण हंटर रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक अशा दोन्ही जागा पूर्ण वेळ खेळायचा. क्वार्टरबॅक धरून तीन जागा रिकाम्या झाल्या. पाया नव्हता हे मलाही पटतं, पण ते ठरवायला २०२३ च्या भरतीतले किती लाइनमन तिसऱ्या वर्षी त्याच जागेवर खेळत होते ते बघा, ४-८ कडे नको.